एक्सप्लोरेशन जिओलॉजिस्टची नोकरी आणि संसार, दोन्ही जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिओलॉजीत एमएस्सी केलेला मुलगा आहे, एका छोट्या लिस्टेड एक्सप्लोरेशन कंपनीची, म्हणजे जमिनीतले नवे धातूसाठे शोधणाऱ्या कंपनीची, ऑफर हातात आहे, साइट परदेशात, रोस्टर सहा आठवडे साइटवर आणि तीन आठवडे घरी. लग्न ठरलंय, होणारी बायको स्वतः नोकरी करते आणि तिने स्पष्ट विचारलंय की हे असं किती वर्षं चालायचं. आणि याला स्वतःलाच अंदाज नाहीये की या लाइनमध्ये पुढे काय असतं, पैशाचं खरं काय, आणि यात संसार होतो की नाही.

मी या धंद्यात वीसेक वर्षं काढली आहेत, बहुतेक सोनं आणि तांबं, मधे थोडं निकेल. नवरा जिओलॉजिस्ट नाही, ऑफिसात काम करतो, एक मुलगी आहे, आता कॉलेजात जाते. वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहितेय, वाईट वाटून घेऊ नकोस.

संसार होतो. माझ्या ओळखीत मोडलेले संसार आहेत तसे उत्तम चाललेलेही भरपूर आहेत. पण लोक ज्या गोष्टीला घाबरतात ती वेगळी आणि ज्याने घर खरंच हलतं ती वेगळी. सगळ्यांना वाटतं लांब राहणं हाच त्रास. लांब राहण्याची सवय होते, जाणाऱ्याला पण आणि घरी राहणाऱ्याला पण, काही जोडप्यांना तर ते मानवतं असं माझं प्रामाणिक मत आहे. सवय होत नाही ती नक्की काहीच नसण्याची. शुक्रवारी येतो म्हणून सांगितलेला माणूस पुढच्या बुधवारी येतो, वर्षभराचं बजेट पास झालंय म्हणून सांगितलेला प्रोजेक्ट चौथ्या महिन्यात बंद पडतो, आणि घरच्यांनी त्या तारखेवर डॉक्टरची अपॉइंटमेंट, शाळेची मीटिंग, सगळं बांधून ठेवलेलं असतं. तेव्हा तुझ्या होणाऱ्या बायकोला "किती दिवस लांब" यापेक्षा "किती नक्की" याचं उत्तर जास्त लागणार आहे, आणि ते द्यायचं तर आधी तुला हा धंदा नीट कळायला हवा.

खाणीतला जिओलॉजिस्ट आणि एक्सप्लोरेशनवाला यात लोक गल्लत करतात. खाणीत धातू आहे हे माहीत असतं, उद्या कुठे ब्लास्ट करायचा आणि कुठला ट्रक प्लांटला जाणार कुठला वेस्टला, हे ठरवायचं असतं. आपलं काम म्हणजे आहे की नाही इथपासून सुरुवात. जुने रिपोर्ट आणि नकाशे वाचायचे, ओढ्यानाल्यातली गाळमाती गोळा करायची, मातीचे सॅम्पल, विमानातून केलेला मॅग्नेटिक सर्व्हे, मग पायी मॅपिंग, आयपी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून केलेली मोजणी), ट्रेंच, आणि एवढं होऊन काही उरलं तर ड्रिलिंग. धंद्यात बोलतात की हजार टार्गेट तपासली तर एखादी खाण होते. आकडा कोणी मोजून काढलेला नाही पण अनुभवाला धरून आहे. म्हणजे तुझ्या करिअरमध्ये तू केलेल्या बहुतेक चांगल्या कामाचं उत्तर "इथे काही नाही" असं येणार, आणि ते उत्तर कमी पैशात, कमी वेळात आणि खात्रीने देता येणं हीच या कामातली खरी हुशारी. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. घरी प्रत्येक वेळी पहिला प्रश्न असतो, "काय, सापडलं का काही?" वर्षानुवर्षं "नाही" सांगायचं आणि तरी स्वतःला फालतू समजायचं नाही, हे जमत नसेल तर आत्ताच खाणीतली नोकरी बघ, त्यात काही कमीपणा नाही.

आणि सापडतं तेव्हाही ते सिनेमासारखं नसतं. ऑस्ट्रेलियातलं ऑलिंपिक डॅम घे. 1975 साली पहिल्याच होलमध्ये तांबं लागलं, वर 300 मीटरपेक्षा जास्त नुसता निरुपयोगी खडक होता त्याखाली. सगळे हीच गोष्ट सांगतात, पण त्यानंतरच्या होल्सनी बऱ्यापैकी निराशा केली होती, 1976 मध्ये दहाव्या होलला 170 मीटर जाडीत 2.1 टक्के तांबं आलं तेव्हा कुठे प्रकरण मोठं आहे हे कळलं. उत्पादन सुरू झालं 1988 मध्ये. मंगोलियातल्या ओयू तोल्गोईला बीएचपीसारख्या मोठ्या खाणकंपनीने ड्रिलिंग करून पाहिलं होतं आणि त्यांना ते पुरेसं मोठं वाटलं नाही. मग दुसऱ्या कंपनीने करार करून तीच जागा घेतली आणि 2001 मध्ये 150 नंबरच्या होलमध्ये 508 मीटर लांबीत 0.81 टक्के तांबं आणि टनाला 1.17 ग्रॅम सोनं मिळालं. आधीच्या टीमचे जिओलॉजिस्ट काही अडाणी नव्हते! तिथून माल बाहेर पडायला 2013 उजाडलं. कॅनडात व्हॉयझीज बे हा निकेलचा साठा 1993 मध्ये सापडला, शोधणारे खरं तर हिऱ्यांच्या मागावर होते, आणि खाण चालू झाली 2005 मध्ये. हे सांगायचं कारण असं की या वेळापत्रकात तुझं आयुष्य बसवायचंय. ज्या प्रोजेक्टवर तू लग्नाच्या वर्षी कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेली दगडाची कांडी, तपासून लॉग करशील त्याची खाण होईस्तोवर तुझं मूल शाळेत बरंच पुढे गेलेलं असेल, आणि बहुधा तू तोपर्यंत चार कंपन्या बदललेल्या असशील. "एवढा एक शोध लागू दे मग आपण सेटल होऊ" हे वाक्य घरात बोलायचंच नाही. मी ते वाक्य बोलणाऱ्या लोकांची लग्नं पाहिली आहेत.

आता रोजचं काम. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तू जास्तीत जास्त वेळ कोअर शेडमध्ये असणार, डोंगर-जंगल हे फोटोपुरतं. रिग, म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र, दिवसरात्र चालते, बारा बारा तासांच्या दोन शिफ्ट. कोअरचे ट्रे येतात, प्रत्येक रनच्या (एका वेळी ड्रिल केलेल्या लांबीच्या) शेवटी ड्रिलरने खोलीचा ठोकळा ठेवलेला असतो, बहुतेक वेळा तीन मीटरचा रन. आधी ते तुकडे धुवून एकाला एक जुळवून लावायचे, ओरिएंटेशनची रेघ ओढायची, मीटरच्या खुणा करायच्या, किती कोअर परत आला ते मोजायचं, मग आरक्यूडी, म्हणजे दहा सेंटिमीटरपेक्षा लांब सलग तुकड्यांची बेरीज रनच्या लांबीच्या किती टक्के ते. फोटो एकदा कोरडा एकदा ओला. आणि मग खरं लॉगिंग. पाण्याचा स्प्रे मारला की करडा वाटणारा दगड एकदम बोलायला लागतो, क्वार्ट्झच्या शिरा दिसतात, त्यांच्या कडेने हिरवट क्लोराइट किंवा फिकट सेरिसाइटची पट्टी दिसते, मधे पिवळे ठिपके. नवीन मुलं प्रत्येक पिवळा ठिपका बघून खुश होतात. चाकूचं टोक लाव. ओरखडा उठला तर चाल्कोपायराइट, चाकू नुसता घसरला तर पायराइट, मग भले ते कितीही चमको. दहापट भिंग, मॅग्नेटवाला स्क्राइबर, पातळ अ‍ॅसिडची बाटली आणि चाकू, एवढ्यावर अजूनही निम्मं काम चालतं, दगडातली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं एक्सआरएफ यंत्र मदतीला आहे पण त्यावर सोन्याचा भरवसा ठेवू नकोस आणि लिथियम तर त्याला दिसतच नाही.

नंतर कोअर उभा अर्धा कापतात, एक अर्धा लॅबला, दुसरा बॉक्समध्ये कायमचा. सॅम्पलच्या रांगेत मधे मधे आपण मुद्दाम ब्लँक (धातू नसलेलं सॅम्पल), माहीत असलेल्या ग्रेडचं, म्हणजे धातूच्या प्रमाणाचं, स्टँडर्ड आणि डुप्लिकेट घालतो, म्हणजे लॅबची पण परीक्षा आणि आपली पण. ज्युनियर पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना मी ब्रे-एक्सची गोष्ट सांगते. इंडोनेशियात बोर्निओमध्ये बुसांग नावाची जागा, जगातला सर्वात मोठा सोन्याचा साठा म्हणून गाजली, आणि 1997 मध्ये उघडकीला आलं की सॅम्पलमध्ये बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं. तिथे कोअर अर्धा राखून ठेवायच्या ऐवजी सगळाच्या सगळा भरडला जायचा, म्हणजे नंतर पडताळायला काही शिल्लकच नाही. त्यानंतर 2001 मध्ये साठ्याचे आकडे कसे जाहीर करायचे यासाठी कॅनडाने एनआय 43-101 हा नियम आणला, ऑस्ट्रेलियाचा तसाच जॉर्क कोड 1989 पासून होताच.

या नियमांचा तुझ्या संसाराशी थेट संबंध आहे, हसू नकोस. या दोन्ही ठिकाणी साठ्याच्या रिपोर्टवर सही करायची तर मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेची मेंबरशिप लागते आणि किमान पाच वर्षांचा अनुभव, आणि जॉर्कमध्ये तर तो त्याच प्रकारच्या साठ्यातला लागतो. ज्याची सही चालते त्याला कॅम्पात सहा आठवडे बसावं लागत नाही. तो दहा दिवस येतो, कोअर बघतो, सॅम्पलिंग तपासतो, डेटाबेस तपासतो आणि घरी जाऊन रिपोर्ट लिहितो. म्हणून पहिली पाच-सहा वर्षं एका प्रकारच्या साठ्याला धरून राहा. पोर्फिरी तांबं (मोठ्या खडकात बारीक पसरलेलं) तर पोर्फिरी तांबं, शिरांमधलं सोनं तर तेच. दर वर्षी जास्त पगाराच्या मागे आज लिथियम, उद्या युरेनियम, परवा हिरे असं फिरलास तर पस्तिशीत तुझ्याकडे भरपूर किस्से असतील आणि सही कशावरच चालणार नाही, आणि मग कॅम्प सुटत नाही. हे मी खूप हुशार लोकांचं होताना पाहिलंय. मेंबरशिप लवकर घे, लॉगबुकमध्ये काय केलं ते लिहून ठेव, रिसोर्स मॉडेलिंग, म्हणजे साठा किती आहे याचं गणित, करणाऱ्याच्या शेजारी जाऊन बस, त्याला चहा नेऊन दे वाटल्यास, पण ते शीक.

पैसा. पगार आकर्षक दिसतो कारण त्यात साइट अलाउन्स असतो आणि साइटवर खर्च शून्य. पण तुझ्यासारख्या छोट्या कंपनीला उत्पन्नच नसतं हे समजून घे. त्यांचं काही विकलं जात नाही, शेअर विकून पैसे उभे करतात आणि ड्रिलिंगमध्ये घालवतात. बाजार पडला की शेअर विकत घेणारा गायब, आणि मग सगळ्यात आधी कापलं जातं ते एक्सप्लोरेशन. 2011 मध्ये सोनं औंसाला 1900 डॉलरच्या वर गेलं होतं तेव्हा रिग मिळत नव्हत्या, नुकत्याच पास झालेल्या पोरांना दोन दोन ऑफर होत्या. 2015 च्या शेवटी तेच सोनं 1050 च्या आसपास आलं आणि माझ्या ओळखीतले चांगले चांगले जिओलॉजिस्ट टॅक्सी चालवणं, शाळेत शिकवणं असं काहीबाही करत होते. लिथियमवाल्यांचं तर अजून झटपट झालं, 2022 च्या शेवटी शिखर आणि वर्ष-सव्वा वर्षात भाव ऐंशी टक्क्यांहून जास्त खाली. यात तुझ्या कामाचा दर्जा कुठेच येत नाही, उत्तम काम करून पण नोकरी जाते.

म्हणून घराचा हिशोब असा धर की साइट अलाउन्स हा पगार नाहीच. कर्ज घ्यायचं तर हप्ता बायकोच्या पगारातून किंवा तुझ्या नुसत्या बेसिकमधून भागेल एवढंच. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत गाडीबिडी विसर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यावर माझ्याशी वाद घालणारे भेटतात पण मी ठाम आहे: तिला नोकरी सोडायला लावू नकोस. या धंद्यात तिची नोकरी हा घराचा खुंटा आहे. तू तीन आठवडे घरी असतोस तेव्हा ती ऑफिसला जाते म्हणून कुरकुर करणारे नवरे असतात, त्यांना दोन वर्षांनी बाजार पडला की कळतं. तसंच कॅम्पच्या जवळच्या गावात बिऱ्हाड हलवायचा विचार मनात आला तरी थांब. प्रोजेक्ट बंद पडतो, आणि ती बिचारी अशा गावात अडकते जिथे तिचं काम नाही, माणसं नाहीत. घर तिच्या कामाजवळ, तिच्या माणसांजवळ, आणि विमानतळ फार लांब नाही अशा ठिकाणी. बाकी तू कुठूनही जा-ये कर.

रोस्टरबद्दल. सहा-तीन म्हणजे वर्षाचा दोन तृतीयांश वेळ बाहेर, आणि जाण्यायेण्याचे दिवस कोणाच्या खात्यात धरतात हे बघ, बऱ्याच कंपन्या ते तुझ्या सुट्टीतून कापतात, मग तीन आठवड्यांचे अडीचच उरतात, आणि त्यातले पहिले दोन दिवस तू झोपेतच असतोस. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाच्या एका समितीने 2015 मध्ये अशा ये-जा करणाऱ्या कामगारांच्या मानसिक आरोग्यावर सविस्तर चौकशी केली होती, त्यात जितके दिवस साइटवर तितकेच घरी अशा रोस्टरवर भर होता. छोट्या एक्सप्लोरेशन कंपन्या ते क्वचितच देतात, पण एक-दोन वर्षांनी तू उपयोगाचा झालास की चार-तीन किंवा चार-चार मागता येतं. पगारवाढ मागण्यापेक्षा ते माग.

घरी परत येणं हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे आणि भांडणं त्यातच होतात. तू नसताना घर थांबलेलं नसतं. त्यांची एक घडी बसलेली असते, कोण कधी उठतं, कोण काय आणतं, किल्ली कुठे, बिल कोणी भरायचं. माझी मुलगी सात-आठ वर्षांची असताना मी साइटवरून आले, दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीकडे खेळायला जायची परवानगी मागायला आली, मी समोर खुर्चीवर बसलेली, ती मला ओलांडून आत गेली आणि बाबाला विचारून आली. मुद्दाम नाही, तिला सुचलंच नाही की मला पण विचारता येतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग बाहेर येऊन नवऱ्यावरच चिडले की तू तिला असं का शिकवलंस. त्याने तेव्हा काही उत्तर दिलं नाही, रात्री म्हणाला, "तू आल्यावर पहिले दोन दिवस घरात काहीही बदलू नकोस, डबा कुठला, क्लास कुठला, काही नाही, फक्त बस आमच्यात, तिसऱ्या दिवसापासून सगळं तुझं." तो नियम आम्ही अजून पाळतो. उलट बाजूने जायच्या आधीचे दोन दिवस पण वाईट असतात, माणूस घरात असून मनाने बॅग भरत असतो आणि समोरचा विनाकारण कुरापत काढतो, म्हणजे निरोप घ्यायला सोपं जावं. हे ओळखता आलं तर निम्मी भांडणं होत नाहीत.

फोनचं म्हणशील तर आमच्या वेळी सॅटेलाइट फोनला रांग असायची आणि मिनिटं मोजून मिळायची, आता बहुतेक कॅम्पात सॅटेलाइट इंटरनेट आहे. सगळे म्हणतात किती बरं झालं. अर्धं खरं आहे. आता घरातलं भांडण पण व्हिडिओवर लाइव्ह चालतं, आणि कॅम्पच्या पातळ भिंतीपलीकडे सहा जण ऐकत असतात. ठरावीक वेळ ठेवा, रोज थोडं, आणि मोठे विषय घरी आल्यावर. अजून एक गोष्ट दोघांनी आधीच ठरवून ठेवा. काही साइटवर अपघात झाला की संबंधितांच्या घरी कळवेपर्यंत सगळ्यांचं इंटरनेट बंद करतात. म्हणजे एक दिवस फोन आला नाही तर याचा अर्थ काय घ्यायचा, किती तास थांबायचं, आणि मग कंपनीत कोणाला फोन करायचा, हा नंबर तिच्याकडे लिहिलेला हवा, तुझ्या मोबाइलमध्ये असून काय उपयोग. घरच्यांना साप आणि जंगली जनावरांची भीती वाटते. मी पाहिलेले गंभीर अपघात जवळपास सगळे गाड्यांचे आहेत, लांबचा कच्चा रस्ता, अंधार, शिफ्ट संपवून दमलेला माणूस. रात्री गाडी चालवायला सांगितलं तर नाही म्हण. आणि आरसी रिग दगडाचा भुगा करून वर आणते, तिच्याजवळ धुळीचा मास्क काढू नकोस, सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही.

आईवडील. लग्नाच्या वेळी सगळे बायकोचा विचार करतात, आईवडिलांचा कोणी करत नाही, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत तोच प्रश्न सगळ्यात मोठा होतो. बायको तरुण असते, सांभाळून घेते. वडिलांना मध्यरात्री हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ येते तेव्हा तू दोन दिवसांच्या अंतरावर असतोस, आणि पुढची चार्टर फ्लाइट गुरुवारी. कंपनी अशा वेळी तुला मधेच सोडते का, विमानाचा खर्च कोण करतं, आणि "जवळचे नातेवाईक" यात सासूसासरे धरतात का, हे करारात वाच. माझ्या सासूबाईंनी माझी मुलगी लहानपणी सांभाळली म्हणून मी हे करिअर करू शकले, आणि त्यांच्या आजारपणात मला सुट्टी नाकारली गेली होती कारण त्या माझ्या आई नव्हत्या. त्या कंपनीतून मी नंतर निघाले, पण ते दिवस काही परत मिळाले नाहीत.

बायकांसाठी हा धंदा वेगळाच अवघड आहे. तू पुरुष आहेस म्हणून हा भाग सोडून देऊ नकोस कारण काही वर्षांत कॅम्प तुझ्या हातात असेल. रिगवर टॉयलेट नसणं, बायकांच्या मापाचे बूट-हातमोजे नसणं, इथपासून ते रात्री खोलीच्या दाराला नीट कडी असणं इथपर्यंत. 2022 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळानेच खाण क्षेत्रातल्या लैंगिक छळाबद्दल रिपोर्ट काढला, तो वाच, मला त्यातलं काही नवीन वाटलं नाही. गरोदरपणानंतर एका ठिकाणी मला गोड शब्दांत सांगितलं गेलं की आता साइटवर माझ्यासाठी काही नाही. मी तीन-चार वर्षं डेटाबेस आणि मॉडेलिंगकडे वळले, आणि गंमत म्हणजे आज माझं निम्मं उत्पन्न त्याच कामातून येतं. पण तो माझा निर्णय नव्हता, हे पण खरं.

एआयने नोकरी जाईल का, असं पण तू शेवटी विचारलंयस. कोअरच्या फोटोवरून लॉगिंग आणि टार्गेट काढणं यात ते येतंय, चांगलं पण आहे. टार्गेट काढून दिल्यावर तिथे जाऊन दगड फोडून बघायला कोणीतरी लागतंच. बाहेर पडायच्या वाटा पण भरपूर आहेत, खाणीतली जिओलॉजी, भूजल, जिओटेक, सरकारी सर्व्हे, रिसोर्स मॉडेलिंग, बँका आणि फंडांसाठी विश्लेषण. फक्त कॅम्प असह्य झाल्यावर नाही, त्याच्या दोन वर्षं आधी त्या बाजूचं काहीतरी शिकायला घे.

आता तिच्या प्रश्नाचं, किती वर्षं. तिला "दोन-तीन वर्षं बघू" असं सांगू नकोस, त्याला काही अर्थ नसतो. असं सांग की पाच वर्षं हे, सहीची पात्रता येईपर्यंत, आणि त्या आधी मूल झालं किंवा दोघांपैकी कोणाच्या घरी आजारपण आलं तर त्याच महिन्यात बसून परत ठरवायचं, आणि तेव्हा तिचा नकार असेल तर तो नकार. हे तुला आत्ता मान्य नसेल तर तेही तिला लग्नाआधी कळू दे.

आणि ऑफरवर सही करायच्या आधी दोन गोष्टी तपास. एक, एचआरला विचारू नकोस, त्याच साइटवर काम करणाऱ्या एखाद्या ज्युनियरला गाठ आणि विचार की गेल्या वर्षात तुझं परतीचं तिकीट किती वेळा पुढे ढकललं. एकदा-दोनदा म्हणाला तर हवामान, पाच-सहा वेळा म्हणाला तर ती त्या कंपनीची पद्धत आहे. दोन, कंपनीचे तिमाही रिपोर्ट काढ. ऑस्ट्रेलियन एक्सचेंजवर लिस्टेड असेल तर दर तिमाहीला अपेंडिक्स 5बी नावाचा फॉर्म येतो, त्यात हातात रोख किती आणि ती अजून किती तिमाही पुरेल हे कंपनीनेच लिहिलेलं असतं, दोनपेक्षा कमी असेल तर पुढे पैसे कुठून आणणार याचा खुलासा पण तिथेच द्यावा लागतो. दुसऱ्या एक्सचेंजवर असेल तर ताळेबंदातली रोख घे आणि तिमाहीच्या खर्चाने भाग. आकडा दोनच्या खाली आला तर ऑफर सोडायलाच हवी असं नाही, पण मग तीन महिन्यांची नोटीस आणि परतीच्या तिकिटाचा खर्च लेखी घे, आणि तो आकडा तिलाही दाखव.